खरखरीत पान

सात वर्षांपूर्वी मी त्या रुग्णालयाच्या मागच्या बागेत गेलो, तो एक फोटो परत करायला. फोटो तिथल्या माळीणबाईंचा. आमच्या छायाचित्रकाराने त्यांच्या घरातून मागून आणला होता आणि माझ्या बातमीबरोबर पहिल्या पानावर छापून आला होता.

बातमी चार मृत्यूंची होती. छातीच्या वॉर्डात खोकल्याचा काढा पिऊन चार रुग्ण गेले. जाण्याआधी चौघेही म्हणत होते, सगळं पिवळं दिसतंय. रुग्णालयाच्या संचालकांनी तासाभरात चौकशी उरकली. माळीणबाईंनी भलत्याच झाडाची पानं तोडली, म्हणाले. मी ते जसंच्या तसं छापलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं. आणि फाशीचा दोर मी वळला.

तीन आठवड्यांनी माळीणबाई कचेरीत आल्या. मी नेहमीसारखा खोकत होतो. पिशवीतून दोन पानं काढून माझ्या टेबलावर ठेवली. दोन्ही लांबट, हिरवी, दिसायला सख्खी भावंडं.

"डोळे मिटा, दादा," त्या हळूच म्हणाल्या. "आता हात लावा."

एक पान मांजराच्या जिभेसारखं खरखरीत. दुसरं कानाच्या पाळीसारखं मऊ.

"खरखरीत ते औषध, मऊ ते विष. एकवीस वर्षं अंधारातसुद्धा तोडलीत मी. माझा हात चुकेल का?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. काढ्याची मागणी वाढली तशी संचालकांनी बाहेरून स्वस्तात पोती आणवली. पोत्यात दोन्ही पानं मिसळलेली. मी पोत्यांच्या पावत्या शोधल्या, खुलासा लिहिला. संपादकांनी तो खणात टाकला, कारण संचालकांची अर्ध्या पानाची जाहिरात दर आठवड्याला यायची. मी कॅन्टीनमध्ये आरडाओरडा केला, राजीनाम्याची भाषा केली आणि पहिल्या तारखेला पगार घेतला. अख्ख्या गावाशी भांडणाऱ्या माणसाने तिथे शेपूट घातलं. थंडी संपायच्या आत माळीणबाई वारल्या.

मी फोटो घेऊन गेलो तेव्हा बागेत त्यांची लेक होती, आईचं सामान न्यायला आलेली. फोटो हातात घेऊन तिने पदराने पुसला.

"फोटो आणलात, काका," ती म्हणाली. "बातमी नाही आणलीत?"

आणतो, म्हणालो. निवृत्त झालो की पुस्तकातच छापतो.

वाफा उघडाबोडका होता. खरखरीत पानांचं हे झाड थंडीत वरून मरतं, मूळ जमिनीत जिवंत राहतं आणि ऊन तापलं की त्याच मुळातून पुन्हा फुटतं. मूळ कुठे आहे ते कळावं म्हणून माळीणबाई प्रत्येक मुळाशेजारी पत्र्याची पट्टी खोचत आणि दर वर्षी फुटवा आला की खिळ्याने तिच्यावर एक रेघ ओढत. लेकीने एक काळं, बोटभर मूळ उकरून पट्टीसकट माझ्या हातात दिलं.

"आईने सांगितलंय, खोकणाऱ्या दादांना दे. जपलंत तर मरत नाही."

पट्टीवर तीन रेघा होत्या.

मी ते मूळ गॅलरीतल्या कुंडीत लावलं, शेजारी पट्टी खोचली. बुंध्यात पाणी साचू दिलं नाही, वाळलेला पाला काढला, थंडीत वर पेंढा टाकला. वसंतात पानं आली, खरखरीत. दोन पानं उकळून प्यायलो की महिनोन्महिने छाती मोकळी राहायची. पहिल्याच वर्षी पट्टी सहज पुसली, तर चौथी रेघ. जुन्या काळवंडलेल्या, ही लखलखीत. घरात मी एकटाच. खिळा मी कधी हातात धरलेला नाही.

मग दर वसंतात एक रेघ. दर वसंतात मी कपाटातल्या पावत्या काढायचो, पहिला परिच्छेद लिहायचो आणि पुन्हा ठेवून द्यायचो. संचालक निवृत्त झाले, त्यांचा सत्कार झाला. संपादकही गेले. आता मला अडवणारं कोणी उरलं नव्हतं, आणि तरीही... ते असो. लेकीचं एकदा पत्र आलं. तिच्या मुलीला शाळेत अजून विषवालीची नात म्हणतात. मी उत्तर लिहिलं नाही.

आज सकाळी खोकला फार होता. चष्मा न लावताच गॅलरीत गेलो, दोन पानं तोडली, काढा केला, प्यायलो. कप विसळताना ओट्यावर पानाचा एक तुकडा उरलेला दिसला. बोटांनी उचलला.

मऊ होता.

धावत जाऊन कुंडी उपडी केली. वाटलं, दुसऱ्या झाडाचं बी उडून आलं असेल. पण मातीत एकच मूळ, तेच, काळं. त्याच मुळातून फुटलेली सगळी पानं मऊ. पट्टी पुसून पाहिली. या वर्षीची रेघ अजून नाही.

डॉक्टरांना फोन केला आहे. निघालेत, म्हणाले. तोवर टेबलाशी बसून हे लिहितो आहे, पहिल्यांदाच पहिल्या परिच्छेदाच्या पुढे. पावत्या शेजारी ठेवल्या आहेत. माळीणबाईंचा हात चुकला नव्हता. हे वाक्य कुठेही कापलं जाऊ नये.

कागद काल आणला तेव्हा पांढराशुभ्र होता. आता पिवळा दिसतोय.

आणि गॅलरीत, उपड्या कुंडीजवळ, पत्र्यावर खिळा ओढल्याचा आवाज येतोय... सावकाश, थांबत, पुन्हा.

एका रेघेला इतका वेळ लागत नाही. अक्षरांना लागतो.