शर्वरीचा आशांक

शर्वरीचा आशांक दर वर्षी नव्वदच्या पुढेच यायचा, आणि तिची आई मंदाकिनी उमाळे आपल्या बसआगारात पेढे वाटायची. दहावीच्या टक्क्यांना आता अकोल्यात कोणी विचारत नव्हतं. मान होता तो मुलाच्या मनातली आशा मोजणाऱ्या आशांकाला, आणि धाकही त्याचाच. तो चाळिसाच्या खाली घसरला की मुलाची वर्षभरासाठी आशागृहात रवानगी व्हायची. तिथे मुलांची उमेद वाढवतात म्हणे. आईबापांना मात्र आत पाऊल टाकायची सोय नव्हती.

मोजणी तशी सोपी. माणूस उद्याचं चित्र मनात आणतो तेव्हा त्याच्या त्वचेवर विजेची एक बारीक लहर उमटते. चित्र जितकं हवंहवंसं, तितकी लहर जोरकस. आशामापकाच्या काचेवर मुलानं तळहात ठेवला की यंत्र त्या लहरीला शंभरपैकी गुण देई. पहिल्या वर्षी मुलं बावरली, म्हणून शाळांनी आयांना शेजारी बसवलं, दुसरा हात धरायला. मग तो रिवाजच पडला. आया रजा टाकून, ठेवणीतली साडी नेसून येऊ लागल्या, आणि यात काही चुकतंय असं एकाही शास्त्रज्ञाच्या डोक्यात आलं नाही.

यंदा शर्वरीच्या मोजणीला खुद्द डॉ. हरिहर डोईफोडे आले होते. आशामापक त्यांनीच बनवलेला.

"ताई, गेल्या वर्षी मोजणी चालू असताना तुम्ही फोन घ्यायला उठला होता," ते म्हणाले. "तेवढ्यात आलेख एकदम कोसळला. ते माझ्या डोक्यातून जात नाही."

"मशीन बिघडली असन, साहेब," मंदाकिनी हसली. "माह्यी पोरगी त हसतमुख हाय."

"जरा तिचा हात सोडता का?"

तिनं सोडला. पडद्यावरचा एक्क्याण्णव झरझर उतरला आणि अकरावर थांबला.

डोईफोड्यांनी आधी पडद्याकडे, मग सुटलेल्या हातांकडे पाहिलं.

"हाताला हात लागला की एकाची लहर दुसऱ्यात उतरते," ते कसेबसे म्हणाले. "आम्ही मुलांची आशा कधी मोजलीच नाही. आयांची मोजली."

मंदाकिनीनं मुलीकडे पाहिलं. ती दचकलीसुद्धा नव्हती.

"तुले माहीत होतं?"

"वर्गात साऱ्यांनाच माहीत आहे," शर्वरी म्हणाली. "म्हणून त आम्ही तुमचे हात घट्ट धरतो."

राज्यातली मुलं सुखी आहेत असं डोईफोड्यांनीच जाहीर सभेत सांगितलं होतं.

मंदाकिनीला राज्याशी काही देणंघेणं नव्हतं. अकरा म्हणजे आशागृह, एवढंच तिला कळत होतं.

"साहेब, आकडा लिहिला त नाही ना अजून?"

"शेवटी जो राहील तोच यंत्र नोंदवतं," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं. "थोडा वेळ आहे."

तिनं झडप घालून लेकीचा हात दोन्ही हातांत धरला आणि डोळे मिटले. शर्वरीची नोकरी, शर्वरीचं घर, शर्वरीचं लग्न. दर वर्षी हे सगळं न बोलावता डोळ्यांपुढे यायचं. आज प्रत्येक चित्रात तिला लेकीचा तोच शांत चेहरा दिसला, आणि त्या चेहऱ्यामागे काय आहे हे आपल्याला ठाऊक नाही या विचारानं ती चित्रं एकेक करून विझत गेली.

तिनं डोळे उघडले. आकडा अकराच होता.

शर्वरीनं आईचा हात हलकेच थोपटला.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "याच्यासाठीच मी तुले कधी सांगितलं नाही."