टेबलाखालची जागा

त्या वर्कशॉपमध्ये राउटरचं बिट बदलणं हे दोन माणसांचं काम होतं. यंत्र टेबलाखाली उलटं टांगलेलं आणि लाकडाला खाच पाडणारं, कडा गोल करणारं पातं, म्हणजे बिट, टेबलाच्या भोकातून वर डोकावणारं. ते काढायचं तर एका पान्याने बिट आवळणारा नट फिरवायचा आणि दुसऱ्या पान्याने खालचा शाफ्ट, म्हणजे मोटारीचा फिरता दांडा, घट्ट धरायचा. नाहीतर नटाबरोबर शाफ्टही गरगर फिरतो आणि काम होतं तिथेच राहतं. थोरले मिस्त्री वर उभे राहून, खास वाकवून घेतलेल्या पान्याने नट फिरवायचे. खाली भुशात मांडी घालून शाफ्ट धरायची ती त्यांची सून.

नवरा गेल्यावर ती वर्कशॉपमध्ये आली ती थेट टेबलाखालीच. तिला लाकूड कळायचं, माप चुकायचं नाही, रंध्याचा हात तर इतका साफ की गिऱ्हाईक विचारायचं, हे कुणी केलं. मिस्त्री म्हणायचे, "आमच्याकडेच झालंय." पण टेबलाच्या वरच्या बाजूला त्यांनी तिला कधी उभं राहू दिलं नाही. गुडघे दुखायला लागले, केसांत भुसा मुरला, पाना निसटून बोटांची सालटी निघाली, तरी तिने हूं की चूं केलं नाही. राग मात्र तिने नीट जपून ठेवला होता.

मिस्त्री खोकल्याच्या आजाराने गेले, स्वतःच्या अंथरुणात. त्यानंतर तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर टेबल उघडून यंत्राला लिफ्ट बसवली. आता वरून हँडल फिरवलं की अख्खं यंत्र वर यायचं, नट टेबलाच्या वर निघायचा, आणि बाजूचा खटका आत ढकलला की शाफ्ट अडकायचा. एक पाना, एक माणूस, आणि तेही ताठ उभं. पहिलं बिट तिने असं सहज बदललं तेव्हा ती मोठ्याने हसली. रिकाम्या वर्कशॉपमध्ये ते हसू जरा जास्तच वाजलं, पण तिला त्याची लाज वाटली नाही.

दिराला हे सगळं खटकत होतं. त्याला वर्कशॉपची शेड एका फरशीवाल्याला गोदामासाठी द्यायची होती.

"वहिनी, एकट्या बाईचं काम नाही हे," तो म्हणाला. "बाबा होते तोवर ठीक होतं."

"बाबा होते तोवर मी कुठे होते, ते बघितलंय तुम्ही."

बराच वाद झाल्यावर ठरलं ते असं. ग्रंथालयाच्या कपाटांचं काम हातात होतं. ती कपाटं बोलल्या दिवशी गेली तर शेड वहिनीची, नाही गेली तर फरशीवाल्याची. दीर निघाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर निकाल आधीच लागलेला होता.

कपाटांच्या दारांना खाच एका बिटाने, त्या खाचेत बसणारी चूळ दुसऱ्या बिटाने आणि कडेची गोलाई तिसऱ्याने. दिवसभर हेच काढ, तेच बसव. एका दुपारी, जेवून आल्या आल्या, तिने प्लग काढला, यंत्र वर घेतलं, नटाला पाना लावला आणि हिसका दिला. नट सैल झाला. बिट हातात आलं. मग तिचं लक्ष खटक्याकडे गेलं. तो लावलेलाच नव्हता.

ती थबकली. खटका न लावता नट सुटणं शक्य नव्हतं. तिने बोटाने शाफ्ट फिरवून पाहिला. लोण्यात फिरावा तसा फिरला. पुन्हा नट आवळला, पाना लावला, आणि शाफ्ट खालून घट्ट धरलेला लागला. बेअरिंग अडकत असेल, असं म्हणून तिने ते साफ केलं, तेल दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. बोटाने फिरवला तर मोकळा, पाना लावला की धरलेला.

तिने खाली वाकून पाहिलं. मोटार, वायर, भुसा. सगळीकडे सारखा पसरलेला भुसा एका जागी मात्र दबला होता, माणूस मांडी घालून बसतं तेवढा. तिने तो झाडून काढला. संध्याकाळी पुन्हा पाहिलं, तर नवा पडलेला भुसाही तेवढ्याच जागी दबलेला होता.

तिच्या अंगावर काटा आला. पण त्याच्या मागोमाग जे आलं ते भीतीपेक्षा मोठं होतं. तिने प्लाय कापला, टेबलाच्या चारी बाजू खालपर्यंत बंद केल्या, स्क्रू पिळून बसवले. "ही जागा बंद झाली," ती टेबलाला म्हणाली.

तरीही शाफ्ट धरलेलाच होता. उलट आता तो सुटेना. पाना बाजूला ठेवला तरी बोटाने फिरत नव्हता, आणि प्लायच्या आतून कुणीतरी खोकला दाबत असावं तसा आवाज आला.

दिवस थोडे उरले होते. दारं अर्धी व्हायची होती. पळून जायचं तर शेड फरशीवाल्याची, आणि तिने मग कुठे जायचं? कुणाच्या दुसऱ्या टेबलाखाली?

"सोडा, बाबा," ती म्हणाली.

काही झालं नाही.

"इतकी वर्षं मी खाली बसले. तुम्ही म्हणालात तेव्हा धरलं, म्हणालात तेव्हा सोडलं. आता मी वर आहे. सोडा म्हटलं की सोडायचं."

शाफ्ट सैल झाला.

त्या दिवसापासून तिने खटक्याला हात लावला नाही. खटका बिघडला होता असं नाही. तिला हे असं सांगून करवून घ्यायचं होतं. "धरा," म्हटलं की शाफ्ट धरला जायचा; "सोडा," म्हटलं की सुटायचा. कधी उशीर झाला तर ती पान्याने टेबलावर ठोकायची. कधी खालून दमलेला श्वास ऐकू यायचा, आणि ती मुद्दाम थांबायची नाही. तिला बरं वाटत होतं, आणि हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. दारं भराभर होत गेली.

ठरल्या दिवशी दुपारी दीर आला. कपाटं भिंतीला ओळीने उभी होती. फक्त एका दाराची कड गोल करायची राहिली होती. त्याने दारं उघडून पाहिली, बिजागऱ्या पाहिल्या, कुठे बोट ठेवायला जागा सापडते का ते पाहिलं. सापडली नाही.

"मदतीला कुणाला घेतलंत?" त्याने विचारलं.

"तुमच्यासमोरच करते. बघा."

तिने प्लग काढला, यंत्र वर घेतलं, पाना लावला. "धरा," ती हळूच म्हणाली. नट सुटला. दीर याच वर्कशॉपमध्ये वाढलेला, त्याची नजर आधी खटक्यावर गेली. मग ती खाली, प्लायवर गेली.

"वहिनी, आत कोण आहे?"

"कुणी असायला हवं का?"

त्याने खाली वाकून प्लायला कान लावला. बराच वेळ तसाच राहिला. उठला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"शेड तुमची," तो म्हणाला. "मी पुन्हा येणार नाही." आणि तिच्याकडे न बघता तो बाहेर पडला.

शेड तिची झाली. तिने शेवटचं बिट बसवलं, किंचित वर ओढलं, नट आवळला. यंत्र खाली घेतलं. प्लग लावला.

आत गुडघे कडकडले, म्हातारं माणूस उठू बघतं तेव्हा कडकडतात तसे. मग टेबलाला खालून डोकं लागलं.

"बसा," ती म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."

आवाज थांबला.

तिने दार उचलून टेबलावर ठेवलं, आणि तिच्या उजव्या घोट्याभोवती बोटं मिटली. थंड होती, भुशाने खरखरीत. ओढत नव्हती. नुसती धरून होती.

तिने खाली पाहिलं. प्लाय जिथल्या तिथे होता, एकेक स्क्रू जागेवर.

भीती वाटली. पण पाय तिने मागे घेतला नाही.

"खुशाल धरा," ती म्हणाली. "मला कुठे जायचंय?"

तिने बटण दाबलं आणि दार पुढे सारलं. यंत्राची घरघर वाढली. खाली बोटांनी तिचा घोटा हलकेच फिरवून पाहिला, सैल होतो का ते.