शिडाच्या बोटीला ठिगळ

हातातल्या कपातून धूर निघायला लागला, तेव्हा मी नुसती बघत राहिले. किनाऱ्यावर दुरुस्तीला काढलेल्या शेजारच्या बोटीवरून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "कप जमिनीवर ठेवा... आणि चार पावलं मागे या."

मी मागे आले. कपातलं रेझिन, भोक बुजवायचा तो चिकट द्रव, तडतडलं, पिवळं पडलं आणि दगड होऊन बसलं.

बोलणारा शिडीवरून उतरला. तोंडावर मास्क, भुवयांवर लाकडाचा भुसा. तो सुतार होता. शेजारच्या बोटीच्या फळ्या बदलत होता. रेझिन घट्ट करणारं हार्डनर किती घातलंत, त्यानं विचारलं. अंदाजानं, मी म्हटलं. एरवी काय करता, त्याचा पुढचा प्रश्न. दातांची डॉक्टर आहे, मी म्हटलं. मास्क किंचित हलला... जीभ एखाद्या दाढेवरून फिरून आली असावी.

मी दुरुस्त करत होते ती बोट माझ्या मामाची. चाळीस वर्षांची, फायबरग्लासची. खडकावर घासून तिच्या पोटाला वीतभर भोक पडलं होतं. मामाच्या गुडघ्यांनी आधीच दगा दिलेला, त्यात हे. मामा तिला भंगारात काढायला निघाला. मीच आडवी आले. मला दुरुस्तीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लहानपणीचे माझे सगळे रविवार त्या बोटीवर गेले होते. महिनाअखेरीला बोटी पाण्यात सोडायला क्रेन येणार होती. तोवर जमलं तर पाण्यात, नाहीतर भंगारात.

सुतारानं सांगितलं, आधी भोक मोठं करायचं. सडलेलं सगळं घासून काढायचं, कडा उतरत्या करायच्या. मला हसू आलं. हे तर मी रोजच करते, मी म्हटलं.

"मग थांबलात कशाला?" त्यानं विचारलं.

"दात दुखला की माणूस ओरडतं. ही बिचारी काही बोलतच नाही."

त्या दिवसापासून तो रोज दुपारी तासभर यायचा. काचेच्या धाग्यांच्या कापडाचे तुकडे मी कापायचे, रेझिन तो मोजायचा. थर बसवताना बुडबुडा राहिला, की माझ्या हातावर हात ठेवून रोलर हळूच कडेपर्यंत न्यायचा. मध्ये दोन-दोन हातमोजे होते — तरी थर मोजताना मी चुकायचे. मामा घडीच्या खुर्चीवरून सगळं बघायचा. सुताराचं लग्न झालेलं नाही, ही माहिती त्यानं दुसऱ्याच दिवशी काढली आणि आज वारा बरा आहे म्हणावं, तशी मला सांगितली.

क्रेन आली. बोट पाण्यात उतरली. आम्ही दोघं आत उकिडवे बसलो आणि ठिगळाच्या आतल्या बाजूवर तळवे टेकवले. पाच मिनिटं... दहा मिनिटं...

"कोरडं आहे," मी म्हटलं. त्यानं हात काढला नाही.

"माझं काम सोमवारीच संपलं," तो म्हणाला.

"माहितीये मला. तुझी बोट रंगवून झालेली दिसत होती."

'तुझी' माझ्या तोंडून कसं निसटलं कोण जाणे. तो ठिगळाकडेच बघत राहिला.

"तू हे तीनदा घासलंस. गुळगुळीत तर पहिल्यांदाच झालं होतं."

"हो," मी म्हटलं. "झालं होतं."

मग त्याचा हात माझ्या हातावर आला. या वेळी हातमोजे नव्हते.

वर डेकवरून मामानं विचारलं, बुडतोय की काय आपण?

"नाही, मामा," तो म्हणाला. इतके दिवस तो त्याला काका म्हणायचा.

मग मामा शीळ घालत शीड सोडायला लागला.