पंख्याच्या वायरीवरचा दोरा

ही गोष्ट ज्याला खोटी वाटत असेल त्यानं सरळ होटगी रोडला यावं. गाडी अजून तिथंच आहे. बॉनेट उघडून दाखवायची जबाबदारी माझी.

हात मात्र मी लावणार नाही...

घडलं ते माझ्या आत्तेभावाच्या, सिदूच्या बाबतीत. गेल्या मे महिन्यात. आणि रात्री-बित्री नाही, भर दुपारी, सोलापूरच्या टळटळीत उन्हात.

सिदूचं वेल्डिंगचं दुकान आहे. गडी हाताचा चांगला, पण जिभेला हाड नाही. त्याला खूळ लागलं, स्वतःची गाडी स्वतः बनवायची. पाइप वाकवून सांगाडा केला, भंगारातल्या व्हॅनचं इंजिन आणलं आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी केली. दिसायला झकास. पण जरा लांब नेली की पाणी उकळायचं. मग ठरलं, रेडिएटरला विजेचा पंखा बसवायचा.

वेल्डिंग म्हणजे सिदूच्या हातचा मळ, पण वायरिंगमधलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून सासरे आले. गुरप्पा. उमेदीची वर्षं कापडगिरणीत वायरमन, गिरणी बंद पडल्यावर गाड्यांच्या वायरिंगची कामं. म्हातारा रोज यायचा, शेडच्या दाराशी खाकरायचा, चपला बाहेर काढायचा आणि अनवाणी आत जायचा.

"कायक हाय, जावईबापू. काम म्हंजे पूजा. चपला घालून करू न्हाय."

त्यांनी बॅटरीवरून थेट लाइन घेतली, मध्ये रिले टाकला, रेडिएटरला उष्णतेवर चालणारा स्विच बसवला. पाणी तापलं की पंखा आपोआप सुरू, निवलं की बंद. गाडी बंद असली तरी. आणि सगळ्या वायरी एकत्र घेऊन त्यांनी मेण लावलेल्या सुती दोऱ्यानं बांधल्या. बोटाबोटावर गाठ. मागावर तुटलेला धागा जोडतात, तसली बारीक, चपटी गाठ.

"टेप का न्हाय, मामा?"

"टेपचा डिंक आपल्या उन्हात पाझरतो की. वायर सुटती, पंख्याच्या पात्यात जाती. दोरा धरून ठिवतो."

दुसऱ्या दिवशी सिदूचे दोस्त गाडीचा व्हिडिओ काढायला आले. त्यातल्या एकानं दोरा बघितला आणि फिदीफिदी हसला. झालं! सिदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं ब्लेड घेतलं आणि सासऱ्यांच्या डोळ्यांदेखत सगळा दोरा टराटरा कापला आणि वायरींवर काळी टेप गुंडाळली.

"मामा, गाडी हाय ही. चादर न्हाय."

दोस्त पोट धरून हसले. मोबाइल चालूच होता.

गुरप्पा खाली बसले. दोऱ्याचे तुकडे एक एक वेचून खिशात घातले, चपला घातल्या आणि निघाले. दारात महानंदा, म्हणजे सिदूची बायको, बापासाठी चहा घेऊन उभी होती. तो चहा तसाच राहिला.

सिदूच्या मनात होतं, सणाला भेटलो की माफी मागू. पण सण यायच्या आधीच म्हातारा झोपेतच गेला. हृदय बंद पडलं म्हणाले. लिंगायत रीतीप्रमाणं त्यांना समाधीत बसवून पुरलं. महानंदानं नवऱ्याला एका शब्दानं बोल लावला नाही. फक्त त्या दिवसापासून तिनं शेडमध्ये पाऊल टाकलं नाही.

बोलली असती तर बरं झालं असतं, असं सिदू म्हणतो. भांडणाला उत्तर देता येतं, गप्प बसण्याला काय देणार?

मे उजाडला. त्या दुपारी सिदू गाडी घेऊन निघाला आणि भर चौकात इंजिन उकळलं. वाफेचा लोट! लोक जमले. कुणी म्हणालं, "कुकर हाय का गाडी?" सिदूनं मान खाली घालून बॉनेट उघडलं.

टेपचा डिंक पाझरला होता. टेप सुटून लोंबत होती. वायर पात्यात जाऊन तुटली होती.

म्हातारा जे बोलला होता, तेच झालं होतं.

गाडी ढकलत घरी आणली. कुणाला तोंड दाखवायची सोय नव्हती. त्यानं बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या, बॅटरी उचलून कोपऱ्यात फरशीवर ठेवली आणि घरात येऊन आडवा झाला. महानंदा शेजारी शेवया करायला गेली होती. घरात दुसरं कुणी नव्हतं.

लाइट गेली. छताचा पंखा थांबला.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आणि मग...

घर्रर्रर्र...

शेडमधून.

सिदू उठून बसला. तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. गाडीचा पंखा.

तो धावत शेडच्या दारापर्यंत गेला. आवाज थांबला. पण पाती अजून फिरत होती... हळू... आणखी हळू... थांबली.

बॅटरी कोपऱ्यात होती. तारा मोकळ्या होत्या.

वारा असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. वारा! बाहेर लिंबाचं पान हलत नव्हतं.

तो माघारी वळला.

मागून कुणीतरी खाकरलं...

शेडच्या दाराशी. आत येण्याआधी माणूस खाकरतो, तसं. सिदू वळला. कुणी नाही. पत्रा उन्हानं भाजत होता, आणि वास येत होता... मेणाचा.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. पळावं वाटत होतं. मग त्याचं त्यालाच कळलं नाही, त्यानं चपला काढल्या आणि अनवाणी आत गेला.

बॉनेट उघडं होतं.

टेपचा पत्ता नव्हता. तुटलेली वायर जोडलेली होती. आणि सगळ्या वायरी एकत्र, नीट, सुती दोऱ्यानं बांधलेल्या. बोटाबोटावर गाठ.

सिदूनं वाकून बघितलं. दोरा अखंड नव्हता. तुकडे होते. आखूड आखूड तुकडे एकमेकांना गाठीनं जोडलेले. ब्लेडनं कापलेलं एक एक टोक स्पष्ट दिसत होतं.

तो तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मामा, चुकलं माझं. चारचौघांत तुमचा अपमान केला. मला लाज वाटती ओ..."

घर्रर्रर्र...

पंखा फिरला. बॅटरीशिवाय. गार वारा त्याच्या तोंडावर आला, डोळ्यांतलं पाणी सुकेपर्यंत आला... आणि थांबला.

महानंदा शेवयांची परात घेऊन परत आली, तर नवरा शेडच्या फरशीवर. कितीतरी दिवसांनी ती आत आली. सिदूनं काही न बोलता वायरींकडे बोट दाखवलं.

ती वाकली. तिनं दोरा बघितला. परात तिच्या हातातून पडली.

"हे तुकडे..." ती एक पाऊल मागं सरली. "हे तुकडे अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात होते. तुमाला म्हायत न्हाय. कुणालाच न्हाय. अप्पांना समाधीत बसवलं तवा मी त्यांच्या अंगावरच्या कापडात गुंडाळून ठिवले. माझ्या हातानं. वरून माती पडलेली मी बघितली..."

मग सिदू हळूच म्हणाला, "म्हंजे मामांनी मला माफ केलं, व्हय ना?"

महानंदानं त्याच्याकडे बघितलं. डोळे कोरडे होते.

"अप्पांनी केलं असंल. अप्पांचा सभाव तसा होता."

एवढं बोलून ती फरशीवरच्या शेवया गोळा करू लागली. एक एक. बापानं तुकडे वेचले होते, तशाच.



गाडी आता झकास चालते. कितीही ऊन असो, पाणी उकळत नाही. दोरा मी स्वतः पाहिलाय. सगळ्या गाठी पक्क्या आहेत. फक्त शेवटच्या टोकाला एक तुकडा मोकळाच लोंबतोय. कुणीच बांधलेला नाही.

परवा मी तिथंच होतो. सिदू म्हणाला, "आज हे टोक बांधून टाकतो." त्यानं चपला काढल्या, बॅटरी सोडवली आणि हात पुढं केला.

पंखा सुरू झाला...

सिदूनं हात मागं घेतला.

मी वळून बघितलं. महानंदा दारात उभी होती. हातात चहा होता, नजर त्या मोकळ्या टोकावर. ती आत आली नाही.