सव्वादोनच्या चार बांगड्या

पटो न पटो, हे घडलेलं आहे. राजूरचा नूरुद्दीन मनियार माझ्या आजीचा चुलतभाऊ, आणि त्यानं कधी थापा मारल्याचं कुणाला आठवत नाही.

साल १९४४. महाशिवरात्रीनंतरची पहाट. जागा, भंडारदरा धरणाचा रतनवाडीकडचा काठ.

रतनवाडीच्या जत्रेत बांगड्या भरायला जातो, असं सांगून तो निघाला होता. खरं कारण सकीना. त्याची बायको महिनाभर तापानं पडून होती. बांगड्या टोचतात म्हणाली, म्हणून त्यानंच तिचे हात मोकळे केले होते.

डॉक्टरनं हात टेकले. तेव्हा कुणी सांगितलं, राहूचं मुंडकं रतनवाडीच्याच डोंगरात उडवलं, त्याच्या गळ्यातलं अमृत सांडलं आणि प्रवरा झाली. नूरुद्दीननं तिथल्या झऱ्याची बाटली भरून घेतली आणि होडीची वाट बघत बसला.

धुकं इतकं, की पाणी कुठं सुरू होतं ते दिसेना. थंडीनं बोटं बधिर झाली होती.

एकही पाखरू बोलत नव्हतं.

मग पाण्याचा आवाजही थांबला...

समोर कुणीतरी येऊन बसलं. एक हात पुढं आला. उजवा. ओला.

बांगड्या भरणारा मनियार बाईच्या तोंडाकडं बघत नाही. मान खाली, नजर मनगटावर. एरवी हात दाबला की बाई कोण, हे त्याला कळे. आज बोटांना काहीच कळेना.

न मापता त्यानं चार हिरव्या चढवल्या. बरोबर बसल्या.

एक हात मोकळा ठेवून मनियार बाईला उठू देत नाही. तो म्हणाला, "डावा हात द्या, बाई."



त्यानं मान वर केली. नुसतं धुकं.

होडीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं. आपण सव्वादोनच्या काढल्या. ते सकीनाचं माप. त्यानं सहादेव नावाड्याला होडी जोरानं वल्हवायला सांगितलं.

राजूरला पोचला तेव्हा अंगणात माणसं जमली होती. बहीण मुमताज मय्यतीला आंघोळ घालून बाहेर आली.

"पहाटंच गेली," ती म्हणाली. "उजव्या हातात हिरव्या बांगड्या हायेत. साबण लावून बी निघंनात. कवा भरल्यास रं?"

नूरुद्दीनला रडू आलं नाही. काहीच वाटलं नाही. त्यानं बाटली कोनाड्यात ठेवली.

त्याच्या बोटांना पुन्हा कधी स्पर्श कळला नाही. धंदा सुटला. बांगड्यांच्या पेटीत सव्वादोनच्या आणखी चार हिरव्या होत्या, तेवढ्या त्यानं मरेपर्यंत सांभाळल्या. तिचा डावा हात मोकळा राहिलाय, मागायला येईल, असं तो सांगायचा. उद्या बाजार आहे म्हणावं, तसं.

पेटी आता त्या चार बांगड्यांसकट माझ्याकडं आहे.

धुकं पडलं की मी ती दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवतो.