मिक्सरची करवत

फट्!

बाण धनुष्यातून सुटायच्या ऐवजी ल्हादेनच्या मामाच्या हातातच फुटला. काळ्या कार्बनच्या कुसळांनी त्याचा पंजा भरला आणि बोटांवरून रक्त ओघळू लागलं.

"आणखी एक फुटला! ही बेमरीवाल्यांचीच करणी!" गांगखा गावाचे तिरंदाज एकदम ओरडले. लोसारचा, नव्या वर्षाचा सण तोंडावर आला होता आणि सणाचा सामना नदीपलीकडच्या बेमरी गावाशीच होता.

"बेमरीवाले कशाला हवेत?" अप ग्येंबो पुढे आला. साऱ्या खोऱ्याचे बाण मापात कापून देणारा दुकानदार तो; वडीलधाऱ्यांना तिकडे 'अप' म्हणत. त्यानं बोट रोखलं ते थेट ल्हादेनवर. "मघाशी भाता कोणी उचलून आणला? या पोरीनं! बाईमाणसाचा हात लागला की बाण फुटणारच!"

"मामानंच आणायला सांगितला होता!" तेरा वर्षांची ल्हादेन फणकारली.

"वर तोंड करून बोलतेस? पुन्हा मैदानात दिसलीस तर तंगडी मोडीन!"

मामा काही बोलला असता, पण त्याला तोवर दवाखान्यात नेलं होतं. ल्हादेन वळली, पण जाता जाता तिनं फुटक्या बाणाचा तुकडा अंगाला गुंडाळलेल्या किराच्या ओच्यात लपवला.

मामाचा मुलगा कुएंगा नदीच्या पुलाजवळ तिची वाट पाहत होता. दोघांनी तुकडा निरखला. शेपटीकडच्या टोकावर लाल चिकटपट्टी गुंडाळलेली होती. कुएंगानं ती नखानं सोलली.

"ई! उंदरानं कुरतडल्यासारखं दिसतंय!"

ल्हादेननं टोपीच्या अस्तरातला कापूस काढून टोकावरून फिरवला. कापसाचे तंतू एका बारीक भेगेत अडकले.

"बाण इथूनच चिरलाय! ग्येंबो लोखंड कापायच्या करवतीनं कापतो, चिरा पडतात आणि वर पट्टी चिकटवून मोकळा होतो!"

इतक्यात एक दगड सणसणत कठड्यावर आदळला. पलीकडे बेमरीचा फुंत्शो उभा होता.

"ए गांगखाच्या चेटक्यांनो! करणी करून माझ्या दादाचा बाण त्याच्याच मनगटात घुसवलात ना?"

"आम्ही? तुम्हीच करणी करता!" कुएंगानं बाह्या सरसावल्या.

"थांबा रे!" ल्हादेन मध्ये घुसली. "तुझ्या दादाच्या बाणाला लाल पट्टी होती?"

फुंत्शोच्या हातातला दुसरा दगड खाली आला. "तुला काय माहीत?"

"तोही ग्येंबोनंच कापला होता, म्हणून!"

"मग सांगा की मोठ्यांना."

"मी सांगून कोण ऐकणार? माझ्याच नावानं तर ओरडतायत! नीट कापलेला बाण कसा असतो ते डोळ्यांसमोर दाखवायला हवं. भरभर फिरणारी पातळ चकती हवी, म्हणजे चीर पडत नाही. तसली विकतची करवत म्हणजे एका दुभत्या गाईची किंमत!"

फुंत्शो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आमच्या आईचा मिक्सर आहे. भांडं फुटलंय, पण मोटर वाऱ्यासारखी पळते. पण लक्षात ठेवा, मी तुमचा मित्रबित्र नाही!"

"तुला मित्र करतंय कोण?" कुएंगानं टोला हाणला.

भांडत भांडतच तिघांनी कुएंगाच्या गोठ्यात काम मांडलं. मोटर फळीवर आडवी आवळली. तिच्या दांड्यावर दोन वॉशरांच्या मध्ये कापायची चकती बसवली. बाण टेकवायला जुन्या सायकलचे बेअरिंग ठोकले आणि माप चुकू नये म्हणून टोकाशी सरकता ठोकळा लावला. कुएंगानं बटण दाबलं मात्र, मोटरीत साठलेली मिरचीची पूड भसकन बाहेर उडाली!

"आक्छी! तुझी आई मिरच्या वाटते की दारूगोळा?"

दुसऱ्या खेपेला नट ढिला राहिला. चकती थडथडली, फुटली आणि तिचा तुकडा ल्हादेनच्या कानाजवळून जाऊन दारात रुतला.

"नट कोणी आवळला होता?" ल्हादेन कडाडली.

"मी," फुंत्शो पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलला.

मग त्यांनी दुसरी चकती चढवली, तिच्यावर बिस्किटाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण बसवलं, डोळ्यांना वेल्डरचे चष्मे लावले, भुकटी छातीत जाऊ नये म्हणून नाकाला ओलं फडकं बांधलं. नटाची तपासणी तिघांनीही केली. बाण बोटांनी हळूहळू फिरवत चकतीला टेकवला. झर्रर्र! टोक आरशासारखं गुळगुळीत!

सामन्याच्या सकाळी दोन्ही गावं मैदानात एकमेकांवर गुरगुरत होती. चहाच्या तंबूतून वीज घेऊन मुलांनी करवत मांडली, तसा ग्येंबो धावून आला.

"पुन्हा आलीस? हाकला हिला!"

हाताला पट्टी बांधलेला मामा आडवा आला. "ती काय म्हणते ते ऐकू दे."

ल्हादेननं बाणाची एक कोरी कांडी दोन्ही हातांत घट्ट धरली, सगळ्यांना दाखवली. "अप, ही तुमच्या करवतीनं कापा. फाटली तर दोष माझ्या हाताचा!"

ग्येंबोला तेच हवं होतं. त्यानं खसाखसा कांडी मधोमध कापली. कडेचे धागे पिंजारून बाहेर आले. "बघा!" तो गरजला. "हिचा हात लागला आणि फाटली!"

"बरं," ल्हादेन म्हणाली. "आता हा उरलेला अर्धा तुकडा. हात माझाच लागलाय, कांडी तीच. कुएंगा, चालू कर!"

झर्रर्र!

नवं टोक तिनं बेमरीच्या म्होरक्याच्या, म्हाताऱ्या अप दोफूच्या हातात दिलं. त्यानं कापूस फिरवला. कापूस अलगद घसरला. ग्येंबोनं कापलेल्या टोकावर मात्र तो जागोजाग अडकला.

"आता आपापल्या बाणांच्या लाल पट्ट्या सोला!" फुंत्शो ओरडला.

दोन्ही गावांच्या भात्यांतून चिरलेले बाण निघत गेले. शिव्यांचा भडिमार झाला, पण या वेळी एकाच माणसावर.

"चांगली करवत परवडते कुठे?" ग्येंबो पुटपुटला.

"मग ही काय झाडाला लागली होती?" ल्हादेननं विचारलं. "आणि परवडत नव्हती तर पट्टी लावून लपवलंत कशाला? वर माझं नाव घेतलंत!"

अप दोफूनं ग्येंबोला तिथंच बसवलं आणि चिरलेला एकेक बाण वेगळा काढायला लावला. ज्यांची लांबी पुरत होती त्यांची चिरलेली टोकं मुलांनी कापून दिली. दुपारपर्यंत सामना सुरू झाला आणि एकही बाण फुटला नाही.

निशाण साधणाऱ्याच्या कमरेला रंगीत पट्टा खोचायचा, हा तिथला मान. त्या दिवशी पहिले पट्टे अप दोफूनं तिन्ही मुलांच्या कमरेला खोचले.

"पोरीला पट्टा?" कोणीतरी कुजबुजलं.

"हो, पोरीला!" मामा गरजला. "आजपासून हिनं टोक तपासल्याशिवाय माझा एकही बाण भात्यात जाणार नाही!"

"फार फुगू नकोस," फुंत्शो तिच्या कानाशी पुटपुटला. "सामना आम्हीच जिंकणार."

"जिंका की! मिक्सर मात्र आमच्याकडेच राहील."

"ए! आई मारेल मला!"

आणि तिघंही हसत सुटले.