खुर्चीवर न पडलेला बर्फ

आमच्या गल्लीतला एक नियम कुठंही लिहिलेला नाही, पण तो मोडायची कुणाची छाती नाही. घरासमोरचा बर्फ ज्यानं फावड्यानं उपसला, गाडी लावायची ती जागा त्याची. गाडी घेऊन बाहेर जायचं असेल तर त्या जागेत घरातली एखादी जुनी खुर्ची ठेवायची. मग आठवडाभर आला नाहीत तरी जागा तुमचीच. बाल्टिमोरच्या बंदराजवळची ही माणसं एकवेळ शेजाऱ्याशी जन्मभर बोलणार नाहीत, पण त्याची खुर्ची हलवणार नाहीत.

शेजारचे क्लेम आणि ऑड्रे फेब्रुवारीतल्या एका रविवारी क्रूझला गेले, तेव्हा क्लेमनं अशीच एक खुर्ची ठेवली. स्वयंपाकघरातली, लाल रेक्झिनची. बंदर गाडीनं दहा मिनिटांवर. विमानाची भानगड नाही, जाड कोट गाडीत टाकायचा, जहाजावर चढायचं आणि बुधवारी बहामात पोहायचं, हे तो दहादा सांगून गेला. माझा काही विश्वास बसला नाही. मी एकतीस वर्षं घरोघरी गॅसचे मीटर वाचले आहेत. लोक सांगतात एक आणि काटा दाखवतो भलतंच. भर हिवाळ्यात इथली खाडी गोठलेली, पुढं दक्षिणेला हॅटरासच्या भूशिराशी समुद्र खवळलेला, आणि तरी म्हणे प्रवास सुखाचा. कुठंतरी पाणी मुरत होतं.

पण वर्नाला, म्हणजे माझ्या बायकोला, जायचं होतं. न्यूमोनियातून उठून दोन महिने झाले तरी तिचा खोकला हटत नव्हता. दोन कोरडे ठसके, मग एक लांब, ओला, छातीच्या तळातून आलेला. आठवडाभर उबदार हवा मिळाली तर उतार पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. नाही मिळाली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. पुढच्या रविवारच्या फेरीला जायचं की नाही, हे शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

सोमवारी वीतभर बर्फ पडला. मंगळवारी सकाळी मी फावडं घेऊन बाहेर आलो. सगळ्या गाड्या गाडल्या गेल्या होत्या. क्लेमच्या खुर्चीवर मात्र बर्फ नव्हता. वाऱ्यानं उडाला असेल, म्हटलं. मग खाली पाहिलं. खुर्चीभोवती गाडीच्या मापाचा कोरडा चौकोन होता, कडा सुरीनं कापल्यासारख्या. उपसलेला ढीग कुठं नाही, पावलाची खूण नाही. पडत्या बर्फात गाडी उभी राहिली आणि मग निघून गेली, की जमीन अशी दिसते. पण मग चाकांचे माग हवेत. मी गुडघ्यावर बसून डांबराला हात लावला. ते कोमट होतं.

वर्ना म्हणाली, खालून गॅसची नळी फुटली असेल. मी म्हटलं, गॅस असता तर मला वास आला असता. नाक अजून शाबूत आहे माझं.

बुधवारी ऑड्रेनं फोनवर फोटो पाठवला. निळं पाणी, पोहायच्या कपड्यांतली माणसं, आणि मधे आमचे हे दोघे आरामखुर्च्यांवर, जाड कोट घालून. क्लेमचे केस आणि खांदे पांढरे होते. वर्ना म्हणाली, उन्हाचं मलम लावलं असेल थापून, आहेच तो वेंधळा. मी चष्मा पुसून पाहिलं. दोघांच्या मांड्यांवरही वीतभर थर साचला होता. त्यांच्या मागं बसलेली बाई उन्हानं लाल झाली होती.

"आता बहामात बर्फ पडला म्हण," वर्ना म्हणाली.

"तो कोट गाडीत ठेवायचा होता ना?"

"टॅड, तुला स्वर्गात नेलं तरी तू तिथला मीटर शोधशील."

ती हसली आणि त्या हसण्याचा खोकला झाला. तो थांबेपर्यंत मी तिची पाठ चोळत बसलो.

गुरुवारी पुन्हा बर्फ पडला आणि तो चौकोन पुन्हा कोरडाच राहिला. शुक्रवारी मी नाही म्हटलं. वर्नानं वाद घातला नाही. बहिणीला, लोरेनला, फोन करून तिनं दोघींचं पक्कं करून टाकलं आणि मला म्हणाली की तू बस बर्फ मोजत.

रविवारी सकाळी जहाज आलं. ते दुपारी पुन्हा सुटणार होतं. नवाच्या सुमाराला क्लेमची गाडी गल्लीत शिरली. ऑड्रेनं उतरून खुर्ची उचलली आणि ती आत गेली. जागा मोकळी होती, पण क्लेम गाडी आत घेईना. बाजूचा दिवा लुकलुकत ठेवून तो पाच मिनिटं रस्त्यातच थांबला, दुसरी गाडी बाहेर पडायची असली की थांबतात तसा. मग त्यानं कुणाला तरी हात केला आणि गाडी लावली.

मी गेलो. एरवी बढाया मारून डोकं उठवणारा माणूस, त्या दिवशी गप्प होता. अंगात कोट तसाच.

"कुणासाठी थांबला होतास?"

"ते निघत होते ना." त्यानं माझ्याकडं जरा आश्चर्यानं पाहिलं. "आठवडाभर बसलेल्या माणसाला उठायला वेळ लागतोच की रे."

"कोण ते, क्लेम?"

"तू तर रोज बघत होतास," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, ओळखलं असशील."

मी धावतच घरी आलो. वर्ना बॅग घेऊन जिन्यात उभी होती. जाऊ नकोस, म्हटलं. ती म्हणाली, कारण सांग. आणि मला सांगता येईना. खुर्चीवर बर्फ पडला नाही, हे काय कारण आहे? त्यात तिला पुन्हा उबळ आली. कठड्याला धरून ती वाकली, डोळ्यांतून पाणी आलं. अशा बाईला मी कुठल्या तोंडानं अडवणार होतो? मला भीती वाटत होती आणि तिच्याशिवाय ती सांगायला दुसरं कुणी नव्हतं.

तेवढ्यात एक गोष्ट सुचली आणि मी निवळलो. त्या लोरेनच्या गाडीनं जाणार होत्या. आमची गाडी दारातच राहणार, मीही घरातच. खुर्ची ठेवायचा प्रश्नच नव्हता. जागा रिकामीच झाली नाही, तर तिथं येऊन बसणार कोण? स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन मी त्यांना निरोप दिला.

मंगळवारी पहाटेपासून बर्फ पडला. उजाडल्यावर मी पडदा सारून पाहिलं. आमची गाडी टपापर्यंत गाडली गेली होती. पायऱ्यांवर, कठड्यावर, कचऱ्याच्या डब्यावर, सगळीकडं सारखा पांढरा थर. मला हसू आलं.

बुधवारी दुपारी वर्नाचा फोन आला. जेवण, लोरेनचं घोरणं, जहाजावरची नाचगाणी. दहा मिनिटं ती बोलत होती. मग माझ्या लक्षात आलं की ती एकदाही खोकली नाही.

"गेला रे खोकला," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

लोरेन कुठंय, विचारलं. पोहतेय, म्हणाली.

"आणि तू?"

"मी बसलेय. ऊन छान आहे, पण मला जरा गारच वाटतंय. कोट घातलाय."

"वर्ना, तो कोट काढ."

ती हसली. लांब, मोकळं, न अडखळता.

तेव्हा वरच्या खोलीत कुणीतरी खोकलं. दोन कोरडे ठसके, मग एक लांब, ओला.

"कोण रे ते?" फोनमधून वर्नानं विचारलं.

"कुणी नाही."

पलंगाची वर्नाची बाजू करकरली. मग वरून थकलेल्या आवाजात हाक आली.

"टॅड, कोमट पाणी आण ना रे."

कानाशी फोन तसाच धरून मी पाणी तापत ठेवलं.